हातमोजे हवेत, पण मापाचे

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शाळेत बागेची गडबड सुरू होते. रोपवाटिकेतून रोपे येतात, मैदानाच्या कडेचे गाजरगवत उपटायला वर्गांच्या पाळ्या लागतात, खताचा खड्डा उघडला जातो. त्याच सुमारास भांडारघरातला हातमोज्यांचा खोकाही बाहेर निघतो. या खोक्याविषयी चार शब्द विश्वस्त मंडळाच्या कानावर घालावेत आणि पालकांशीही मोकळेपणाने बोलावे, म्हणून बाग समितीतर्फे हा लेखनप्रपंच. विषय किरकोळ वाटेल. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो येण्याची शक्यता नाही. पण पावसाळ्यातल्या बहुतेक शनिवारी आपल्या मुलांचे हात ज्या वस्तूत असतात, तिच्याकडे एकदा नीट पाहायला हरकत नसावी.

आम्ही पाहिले. खोक्यातले सगळे मोजे एकाच मापाचे आहेत आणि ते माप चांगल्या हाडापेराच्या पुरुषाचे आहे. दुकानदार त्याला 'फ्री साइज' म्हणतो. खरे तर त्यावर नऊचा आकडा बारीक अक्षरात छापलेला आहे. पाचवीतल्या काही मुलांच्या तळहातांभोवती शिंप्याची फीत लावली तेव्हा माप सहा इंचांच्या आसपास भरले. म्हणजे तब्बल तीन इंचांची तफावत. वडिलांची चप्पल घालून कोणी आपल्या मुलाला शर्यतीत पळायला सांगत नाही. हाताच्या बाबतीत मात्र आपण ते बिनदिक्कत सांगतो.

मग मुले काय करतात, हे ज्यांनी बागेच्या तासाला पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. पहिली पाच मिनिटे मोजे हातात असतात. बोटांच्या पुढे रिकामी टोके लोंबत असतात, त्यामुळे रोप धरता येत नाही, खुरपी फिरते, दोरीची गाठ बसत नाही. मग एक मोजा निघतो, तो खिशात जातो. थोड्या वेळाने दुसराही जातो. तेवढ्यात बाई ओरडतात, "मोजे कुठे आहेत?" मुले ते पुन्हा चढवतात आणि बाईंची पाठ वळली की पुन्हा काढतात. याला आपण बेशिस्त म्हणतो. आमच्या मते मुलांचा निर्णय बरोबर असतो. जी वस्तू काम करू देत नाही, ती काम करणारा माणूस बाजूला ठेवणारच.

मोठ्या मोज्याचा प्रश्न नुसता गैरसोयीपुरता नाही. सैल मोज्याच्या तळव्यावर कापडाच्या घड्या पडतात. खुरप्याची मूठ आवळली की त्या घड्या कातडीवर घासतात आणि फोड येतात, म्हणजे ज्यापासून वाचायचे तेच होते. बोटाच्या टोकाला अर्धा इंच रिकामी जागा असली की बोटाला समोरची वस्तू कळत नाही. काटा कुठे आहे, काचेचा तुकडा आहे की खडा, याचा अंदाज येत नाही. बोगनवेलीच्या फांदीत सैल टोक अडकले की मूल हिसका देऊन हात ओढते आणि उरलेले काटे मनगटाला लागतात. मनगटापाशी मोजा उघडा राहिला तर माती, मुंग्या आणि चीक आत जातो आणि आतच राहतो. गवत कापण्याच्या यंत्राजवळ, किंवा फिरणारा भाग असलेल्या कोणत्याही यंत्राजवळ, सैल मोजा तर कधीच नको. मोजा अडकला की त्यामागोमाग हात जातो.

घट्ट मोजाही कामाचा नाही. त्यात हात लवकर थकतो, बोटांना मुंग्या येतात, आणि दोन बोटांमधली शिवण पहिल्याच दिवशी उसवते. शरीराने थोराड असलेल्या आठवी-नववीच्या मुलांकडे घरातून आणलेले आईचे रबरी मोजे असतात. त्यांची अशीच अवस्था होते.

आता माप कसे घ्यायचे ते सांगतो. शिंप्याची फीत घ्यावी. ज्या हाताने मूल लिहिते तो हात उघडा धरायला सांगावे. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी जिथे तळहात सर्वांत रुंद असतो तिथे फीत फिरवावी, फार आवळू नये. जितके इंच भरतील तो साधारण मोज्याचा नंबर. ही काही आमची कल्पना नव्हे. युरोपात कामाच्या हातमोज्यांसाठी जी मानके आहेत, त्यांत सहा नंबर म्हणजे तळहाताचा घेर १५२ मिलिमीटर, सात म्हणजे १७८, आठ म्हणजे २०३ आणि नऊ म्हणजे २२९ असे धरले आहे. इंचांत बदलून पाहिले तर आकडे जुळतात. गणिताच्या तासाला मुलांना हे करायला द्यावे अशी आमची सूचना आहे. दुसरे माप लांबीचे, मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आठ नंबरच्या हातासाठी ते १८२ मिलिमीटर धरतात. आपल्याकडे काही मुलांची बोटे लांब आणि तळहात अरुंद असतो. अशांच्या बाबतीत नुसत्या घेरावर विसंबले तर बोटे टोकाला टेकतात.

माप घेतले तरी घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मोजा घालून मूठ वळावी. तळव्यात जाड घडी पडली तर मोजा मोठा आहे, आणि बोटांच्या सांध्यांवर ताण आला तर लहान आहे. बोटांच्या बेचक्यात मोजा पुरता बसला पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. मग टेबलावर एक रुपयाचे नाणे ठेवून ते उचलायला सांगावे आणि सुतळीची एक गाठ मारायला सांगावी. नाणे उचलता आले आणि गाठ मारता आली की त्या मोज्यात रोपही लावता येईल. दुकानदार कुरकुर करील, पण आपण एकदम शंभरेक जोड घेणार असू तर तो नमुन्याचे चार जोड शाळेत आणूनही दाखवील. सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे 'दस्ताने' मागितले की पहिल्यांदा मोठेच पुढे येतात. लहान मापाचे आहेत का, असे आपणहून विचारावे लागते.

आणखी एक बारीक गोष्ट. वृक्षारोपणाचे दिवस आणि राखीपौर्णिमा एकाच मोसमात येतात. मनगटावर चार-पाच राख्या असल्या की मोज्याची पट्टी त्यांवर बसत नाही, आणि ओल्या मातीने भिजलेला रेशमी गोंडा आठवडाभर कातडीला चिकटून राहतो. बहिणीने बांधलेली राखी काढायला कोणाला सांगणार? तेव्हा त्या पंधरवड्यात त्या मुलांकडे रोपांना पाणी घालण्याचे काम द्यावे, इतके साधे उत्तर आहे.

आता गाजरगवताकडे वळतो, कारण या लेखाचे खरे निमित्त तेच आहे. ही वनस्पती मूळची आपली नाही, ती अमेरिका खंडातली आहे. भारतात ती पहिल्यांदा १९५५ साली पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि तिथून ती देशभर पसरली. आपल्याकडे इंदुरात रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या भिंतीलगत ती पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उगवते. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून ती फुले येण्याआधी उपटावी लागते आणि त्यासाठी मनुष्यबळ लागते. शाळेत मनुष्यबळ म्हणजे मुले. इथपर्यंत ठीक आहे.

पण या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते आणि त्याने कातडीला त्रास होतो. हा त्रास फसवा असतो. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या वर्षीही कदाचित होत नाही. वारंवार संपर्क आल्यावर शरीर त्या द्रव्याला चिडू लागते आणि मग एखाद्या पावसाळ्यात हातांवर, मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खळीत खाज आणि पुरळ सुरू होतो. एकदा ही प्रवृत्ती जडली की ती बहुधा जन्माची सोबत करते. पुढे झाडाला हात न लावताही, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या त्याच्या सुक्या कणांनी त्रास होऊ शकतो. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकातच या विकाराविषयी लिहून ठेवले आहे. म्हणून "गेल्या वर्षीही उपटले होते, कोणाला काही झाले नाही" हे वाक्य आम्हाला धीर देत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात दर पावसाळ्यात उघड्याने त्या झाडाला लावायचा आणि त्रास व्हायला लागेल तेव्हा पाहू म्हणायचे, हे योग्य नव्हे. तेव्हा पाहण्यासारखे फारसे उरलेले नसते.

तेव्हा या कामाला मोजा हवा, तो मापाचा हवा, आणि कापडाचा नको. सुती विणलेला मोजा चीक शोषून घेतो आणि कातडीशी धरून ठेवतो. तो न घालणे एक वेळ परवडले, कारण उघडा हात निदान लगेच धुतला जातो. गाजरगवताला रबरी किंवा नायट्राइलचा, पाठीच्या बाजूनेही पूर्ण झाकलेला, मनगटाच्या वर चार बोटे येणारा मोजा लागतो. सोबत पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा. पाऊस पडून गेल्यावर माती भुसभुशीत असताना झाड मुळासकट येते, तेव्हाच उपटावे. फुलावर आलेले झाड मुलांनी उपटूच नये. आणि ज्या मुलाला दमा आहे किंवा कातडीची ॲलर्जी आहे, त्याने या पाळीत नसावे. ही माहिती शाळेकडे आपोआप येत नाही. पालकांनी वर्गशिक्षकांना लेखी कळवावी.

बाकीच्या कामांना इतके लागत नाही. वाळका पाला गोळा करायला, अंगण झाडायला रबरी ठिपक्यांचे सुती मोजे पुरतात. ते हवेशीर असतात आणि दोन्ही बाजूंनी ठिपके असले तर उजव्या-डाव्या कोणत्याही हातात चालतात. ओल्या मातीत रोपे लावायला तळव्यावर रबराचा किंवा नायट्राइलचा लेप असलेले आणि पाठीला विणलेले मोजे सर्वांत चांगले, कारण आपली माळव्याची काळी माती पावसात कशी होते ते आपण जाणतोच. सुती मोज्याला ती अशी धरते की दहा मिनिटांत प्रत्येक हाताला पाव किलो चिखल लागतो. गुलाब आणि बोगनवेल छाटायला चामडी मोजे लागतात. पण ते काम मोठ्यांचे आहे, तेव्हा मुलांच्या मापात ते शोधत बसू नये. रबराची ॲलर्जी असणारी मुलेही असतात. लेटेक्सचा मोजा घातल्यावर हात लाल होत असेल तर त्याला नायट्राइलचा द्यावा. डॉक्टर वापरतात तसे पातळ, एकदा वापरून फेकण्याचे मोजे बागेत टिकत नाहीत. एका काटकीने ते फाटतात आणि फाटलेले मुलांना कळतही नाहीत.

यावर एक आक्षेप येणार हे आम्हाला ठाऊक आहे, कारण तो घरोघरी येतो. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी कुठे होते हातमोजे? मातीत हात घातल्याशिवाय मातीशी नाते जडत नाही. हे साहेबी थेर आहे.

आजोबांच्या म्हणण्यातला अर्धा भाग आम्हाला मान्य आहे. बी पेरताना, वाफ्यात बोटाने खाच पाडताना, रोपाच्या मुळांभोवती माती दाबताना हात उघडा असावा. माती किती ओली आहे ते बोटालाच कळते. मेथीचा दाणा मोज्यातून सुटतो. तिथे मोजे काढायला लावावेत, आणि नंतर साबणाने हात धुवावेत, नखांतली माती काढावी. लहान गटातल्या मुलांचे बागकाम तर बहुतेक असेच असते, त्यांच्यासाठी मोजे विकत घेण्याची गरज नाही.

पण साहेबी थेर म्हणणे खरे नाही. ग्रीक महाकवी होमरच्या 'ओडिसी'त शेवटी नायक घरी परततो, तेव्हा त्याचा म्हातारा बाप बागेत एका रोपाभोवती खणत असतो आणि काट्यांपासून बचाव म्हणून त्याने हातात मोजे घातलेले असतात. हे काव्य अडीच हजार वर्षांहून जुने आहे. शेतकरी आणि माळी यांना काटे टोचतात हे तेव्हाही कळत होते. शस्त्रक्रियेत रबरी मोजे आले त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८८९-९०च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचे शल्यविशारद होते. त्यांच्या हाताखालच्या कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणाने पुरळ येई. त्यांनी रबराच्या कारखान्याकडून तिच्यासाठी पातळ मोजे खास बनवून घेतले. रुग्णाला जंतूंपासून वाचवण्याचा विचार त्यात नंतर आला. सुरुवात झाली ती एका काम करणाऱ्या बाईचे हात वाचावेत म्हणून, आणि मोजे तिच्या हातांसाठी म्हणून बनले. (पुढे या दोघांचे लग्न झाले, पण तो आपला विषय नाही.)

मातीशी नाते म्हणाल तर इंदूरला ते कोणी शिकवायला नको. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत आपल्या गावाचे नाव येते ते खतामुळे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते, ते १९३१ पर्यंत इथे राहिले. शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये तिच्यावरचे पुस्तक ऑक्सफर्डने छापले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. वाड संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. हॉवर्ड यांचे नाव पुष्कळांना माहीत असते, वाडांचे आपल्या मराठी मंडळींनाही नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. गांधीजी १९३५ मध्ये इंदुरास आले तेव्हा त्यांनीही ही पद्धत तिथे जाऊन पाहिली. ती जागा म्हणजे आजचे आपले कृषी महाविद्यालय.

आपला शाळेचा खड्डा याच पद्धतीचा लहान भाऊ आहे. चांगला लागलेला ढीग आतून साठ अंशांच्या वर तापतो. त्यात हात घालून उष्णता पाहायची नसते, लोखंडी सळई खुपसून ती बाहेर काढून पाहायची असते. उलथायला फावडे आणि तगारी आहेतच, तरी मुलांचा हात ढिगाला लागतोच. स्वच्छतेत आपले शहर २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिले आले, सातव्यांदा सुरतेच्या बरोबरीने. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण घरून आलेल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाचण्या, ब्लेडचे तुकडे, फुटक्या बरणीची काच अजून सापडते, हे खड्ड्याजवळ उभे राहणाऱ्यालाच कळते. मापाचा जाड मोजा इथे हवाच. शिवाय धनुर्वाताची लस. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे टीडीची मात्रा दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी असते. पाचवीच्या आणि दहावी-अकरावीच्या पालकांनी घरातले लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहावे. मोजा आणि लस यांपैकी एकच निवडायचे झाले तर आम्ही लस निवडू, सुदैवाने तशी वेळ नाही.

मोज्यावर नको तेवढा भरवसाही ठेवू नये. तो विंचवाच्या नांगीपासून किंवा सापाच्या दातांपासून वाचवील असे समजून कोणी दगडाखाली हात घालू नये. दगड खुरप्याने उलटवावा. आणि कीटकनाशकाच्या बाबतीत तर मुलांसाठी कोणताच मोजा पुरेसा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक विदर्भात आहेत, त्यांना ते दिवस आठवत असतील. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा यांची पुष्कळ चर्चा झाली. पण भाद्रपदातल्या दमट उकाड्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाला घामाने चिकटणारा, बोटे वळू न देणारा मोजा घालवत नाही. सुरक्षिततेची साधने वाटून काम संपत नाही. ती ज्याने घालायची त्याच्या अंगावर बसतात का, त्याच्या कामात टिकतात का, हे पाहावे लागते. आपल्या बागेत रासायनिक कीटकनाशक आणायचेच नाही, हा समितीचा नियम आहे आणि तो तसाच राहावा.

आता जे लिहायचे ते थोडे अवघड आहे, पण लिहितो. खोक्यात मुलांसाठी मोजे आहेत, निदान आहेत असे आपण म्हणतो. आपल्या माळीदादांसाठी काय आहे? मुले बागेत पावसाळ्यातले मोजके शनिवार असतात, माळीदादा वर्षभर रोज असतात. गुलाब ते छाटतात, बोगनवेल ते उतरवतात, फुलावर आलेले गाजरगवत, जे आपण मुलांना उपटू देत नाही, ते तेच उपटतात. स्वच्छतेचे काम करणाऱ्या मावशी तुंबलेल्या मोरीत हात घालतात. या दोघांच्या हातांत आम्ही बहुधा काहीच पाहिलेले नाही. मावशींना एकदा रबरी मोजे दिले गेले होते, तेही मोठ्या मापाचे, आणि निसरड्या हातातून बादली सुटते म्हणून त्यांनी ते ठेवून दिले. "त्यांना सवय असते" हे उत्तर आपल्याकडे फार लवकर तोंडात येते. कातडीला काट्याची आणि ॲसिडची सवय होत नाही. आपल्याला त्यांचे हात न पाहण्याची सवय होते. विश्वस्तांना आमची विनंती आहे की यंदाची खरेदी करताना पहिले माप या दोघांच्या हातांचे घ्यावे, त्यांच्यासाठी वर्षाला दोन-तीन जोडांची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, आणि त्यानंतर मुलांकडे वळावे.

खर्चाचे म्हणाल तर फार वाढणार नाही. दरवर्षी आपण एकाच मापाचे जे जोड घेतो, त्यांतले बरेचसे नव्यासारखे पडून राहतात, कारण ते कोणी घालतच नाही. तेवढ्याच पैशांत तीन मापे घ्यावीत, आकडे प्रत्येक वर्गाच्या मोजणीवरून ठरवावेत. शिवाय बागेत एका वेळी एकच तुकडी उतरते, तेव्हा शाळेतल्या प्रत्येक मुलामागे एक जोड लागत नाही. मात्र एकाच दिवशी एका मुलाचा घामाने ओला मोजा दुसऱ्याने घालू नये. पावसाळ्यात नायटा पसरायला तेवढे निमित्त पुरते.

१४ जुलै २०२४ रोजी आपल्या शहरात रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लागली आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. आपली बाग त्यापुढे काहीच नाही. पण प्रत्येक रोपामागे एक खड्डा असतो आणि त्या खड्ड्याशी कोणाचे तरी दोन हात असतात, हे लहान बागेत जास्त स्पष्ट दिसते.

वापरानंतरचे थोडेसे. काम संपल्यावर मोजे हातातच ठेवून नळाखाली साबणाने धुवावेत आणि मगच काढावेत, म्हणजे चीक उघड्या बोटांना लागत नाही. ते मनगटाकडून उलटे करत काढावेत. व्हरांड्यातल्या दोरीवर चिमट्याने टांगावेत, आतून वाळले की सुलटे करावेत. ओले मोजे खोक्यात कोंबले तर दुसऱ्या शनिवारी त्यांना बुरशी आलेली असते आणि मुले नाक मुरडतात, ते योग्यच आहे. घालण्याआधी मोजा उलटा धरून झटकावा. पावसाळ्यात विंचू आणि गोम यांना अशी ऊबदार जागा आवडते. मनगटाच्या पट्टीवर नंबर ठळक लिहावा, निळ्या शाईने सहा, लाल शाईने सात, हिरव्या शाईने आठ, म्हणजे वाटताना शोधाशोध होणार नाही. उजव्या हाताचा मोजा नेहमी आधी फाटतो, आणि वर्षाअखेर डाव्या हाताचे डझनभर चांगले मोजे उरतात. ते टाकू नयेत. आपल्याकडे डावखुरी मुलेही आहेत, त्यांचा डावा आधी फाटतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, समितीचे दोघे-दोघे जण फीत घेऊन पाचवी ते नववीच्या वर्गांत येतील. मुलांनी त्या दिवशी हात धुऊन ठेवावेत. ज्या पालकांना घरीच माप घ्यायचे आहे त्यांनी घेर आणि लांबी दोन्ही इंचांत लिहून दैनंदिनीतून पाठवावे, आणि ॲलर्जी असल्यास त्याच चिठ्ठीवर तसे लिहावे. यादी तयार झाली की ती कार्यालयात देऊ, सर्वांत वर माळीदादा आणि मावशी यांची मापे असतील.